शेऱ्याचा रकाना

कोव्हेंट्रीबाहेरचं मैदान, जूनमधला रविवार,
गवत ओलं, चाकांखाली फळ्या घातलेल्या,
आणि मी गुण कापत हिंडतोय.
माझ्याकडे दांडीचा आरसा आहे,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, जरा मोठा;
विजेरी, शिसपेन्सिल,
आणि शंभरातून वजा करायची वीस वर्षांची सवय.

स्क्रूची खाच चुकीची : अर्धा.
नळीवरची पट्टी नंतरच्या सालातली : एक.
रंग फारच नितळ, आरशासारखा : दोन.
कारखान्याला एवढी सवड कुठली?

एकशे चौऱ्याण्णव नंबरची गाडी.
साल एकसष्ट, दोनच माणसांची, लांब नाकाची.
बॉनेट उचललं.
डावीकडे चार बोल्ट षट्कोनी डोक्याचे,
उजवीकडे तीन, आणि एक चौकोनी,
पंगतीत उपरा बसावा तसा.
टेप लावली : उजवं मडगार्ड डाव्याहून पाच मिलिमीटर लांब.
सीटची शिवण काळ्या दोऱ्याची,
फक्त ड्रायव्हरच्या पाठीशी वीतभर हिरवी.

मालक रॉडरिक पेनफोल्ड हात मागे बांधून उभा,
निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी
बाप उभा असतो तसा.
मी लिहिलं : वजा सहा.

तेवढ्यात कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत आणली.
खुर्चीत एनिड ट्रँटर, नव्वदीला टेकलेली,
गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण.
"चौकोनी बोल्ट विल्फचा," ती म्हणाली.
"मार्चमध्ये बोल्ट संपले, तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून
टोपी भरून आणले त्याने, सिगरेटींच्या बदल्यात.
मडगार्डचं म्हणाल, तर डावी बाजू ऑब्रे ठोकायचा,
उजवी क्लेम. क्लेम डावखुरा.
दोघांत बोलणं नव्हतं.
साचा लाकडाचा, दमट आठवड्यात तोही फुगायचा."

मी कारखान्याचं पुस्तक उघडून दाखवलं.
पान बेचाळीस. दोरा : काळा. बोल्ट : षट्कोनी.
तिने चष्मा पुसला, पान वाचलं, खालची सही नीट पाहिली.
"हा वर बसायचा. जिन्याच्या वर.
खाली कधी आला नाही."

मग शेजारच्या गाडीकडे हनुवटी केली.
एकशे शहाण्णव. सकाळी तिला मी नव्व्याण्णव दिले होते.
दोरा सगळा काळा, बोल्ट सगळे सख्खे भाऊ.
"काळं रीळ संपलं ते या चौऱ्याण्णववर.
पुढे एप्रिलपर्यंत मी हिरव्यानेच शिवत होते.
ती कुणी शिवली? हात चांगला आहे.
आमच्यातला नाही."

त्या गाडीचा मालक तंबूत चहा घेत होता.
मी तिकडे बघायचं टाळलं.
मी शोधत आलो ती गाडी,
फाटकातून पहिल्यांदा बाहेर पडली तशीच राहिलेली.
आणि फाटकातून बाहेर पडल्या त्या सगळ्या
होतं त्यात भागवलेल्या.

तिला दोघांनी उचलून सीटवर बसवलं.
तिने अंगठा पाठीमागे नेला, मान न वळवता,
आणि हिरवा सुरू होतो तिथेच थांबवला,
दिवे गेल्यावर घरच्या माणसाचा पाय
शेवटच्या पायरीवर थांबतो तसा.
पेनफोल्ड उगाचच रुमालाने हॉर्न पुसू लागला.

मी खोडरबर काढला.
सहाचा आकडा जाईना, कागद विरत गेला,
पलीकडून माझा अंगठा दिसायला लागला.
मग शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं :
हिरवी शिवण मूळचीच, कारखान्यातली...

"वाकडी आहे, तेही लिहा," ती म्हणाली.
"फोरमनने उसवायला सांगितली होती."
मग उसवली का नाही?

"पाच वाजले होते."