एका माणसापुरती वाट

वेताळ टेकडीवर, खाणीच्या काठाशी,
वैजयंती पाठीवरची सॅक उतरवते.
आत पाच किलो तांदूळ, सरावासाठी.
"मादेरा की जॉर्जिया?" विचारते,
जणू मंडईत वांगी की दोडकी.

जॉर्जियात डिसेंबरात बर्फ. बुटांना खिळे लावायचे,
आणि माझ्या डाव्या गुडघ्याला
सिंहगड उतरतानाच आई आठवते.
मादेरात म्हणे डोंगराच्या कडेकडेनं
पाण्याचे पाट, पाटाला लागून वाट,
एका माणसापुरती.
खाली दरी. समुद्र त्याहून खाली.

"एका माणसापुरती?"
पाण्याची बाटली तिच्या हातात तशीच राहते.
चौतीस वर्षं आम्ही शेजारीशेजारी चाललो:
बँकेतून बसस्टॉपपर्यंत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात,
शिवाजीनगर कोर्टात, तिच्या तारखांना.
मागे-पुढे कधीच नाही.

कुठंतरी मोर ओरडतो. गवत पार वाळलंय.
ती सॅक पुन्हा चढवते, पट्टा ओढते.
"तू पुढे हो," म्हणते,
"बोलायचं थांबवू नकोस म्हणजे झालं."

उतरताना रंगीत तालीम.
मी व्हिसाचं बोलते, मोज्यांचं, थेपल्यांचं.
तिची उत्तरं मला नीट ऐकू येत नाहीत.
तांदळाची सळसळ तेवढी येते,
पावलागणिक.