विरी

टेम्पोत यंत्राखाली दोन गाद्या,
आणि मला उभं राहायला एक कोपरा.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निघताना
मालक म्हणाले, डेमो दाखव, सही घे, ये.
बेगमपूरचा पूल मागं पडला
आणि दोन्ही अंगांना काळी जमीन सुरू झाली,
ज्वारी नुकतीच काढलेली,
नुसती धसकटं.

समाजमंदिरात अकराजणी.
बचत गटाचं रजिस्टर, कुलूपबंद कपाट,
सात चुली, आणि त्यांचा धूर
भिंतीवर घड्याळापर्यंत चढलेला.
मी सांगायला लागलो:
सिंगल फेजवर चालतं. तासाला चारशे भाकरी.
धूर नाही. मनगटं दुखणार नाहीत.
यावर तंगेव्वानं
मनगटाला बांधलेली चिंधी
पदराखाली सरकवली.

पहिली भाकरी निघाली कडेनं फाटलेली.
दुसरी मधोमध.
तिसरीचे तव्यावर जायच्या आधीच चार तुकडे.
"ही वाटूनच खायची असंल,"
कुणीतरी म्हणालं,
आणि हसू दारातल्या पोरांपर्यंत गेलं.
रोलरची फट कमी केली. वाढवली.
तापमान दोनशे दहा. दोनशे चाळीस.
माहितीपुस्तक उघडलं, पान सतरा, अडचणी व उपाय.
मग ऑफिसला फोन.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली,
तिथं एक शेळी आधीच उभी.

परत आलो तर सुगलाबाई
यंत्राकडं पाठ करून बसलेल्या,
चिमूटभर पीठ बोटांत चोळत.
"यंत्राला काय बघालाव, सर?
पिठाची विरी गेलीया.
कधी दळलंय हे?"

सोलापुरातनं आम्हीच आणलेलं, डेमोसाठी.
पाकिटावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

विरी.
तीन वर्षांचा डिप्लोमा, सहा वर्षांची नोकरी,
हा शब्द एकाही ड्रॉइंगवर नव्हता.

त्यांनी पोराला गिरणीत पिटाळलं.
आधण ठेवलं, पातेल्याशी कान नेला.
"पाणी बोलाय लागलं की घ्यायचं.
वरडाय लागलं की उशीर झाला."
बोलणाऱ्या पाण्यात मी थर्मामीटर बुडवला,
एक्क्याऐंशी.
तळहातावर लिहून घेतलं.
"लिहा की.
पण मालदांडी नवी असली तर जरा कमी.
आन् थंडीत मलाच विचारा."

मग यंत्रातून भाकरी आली,
तव्यावर गेली, थोडी थांबली,
आणि टम्म फुगली.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
भौरव्वानं ती उलटी केली,
वास घेतला, मोडली.
"हिच्यावर बोटं उमटली न्हाईत,"
म्हणाली,
आणि दुसरा तुकडा मागितला.

दुपारभर यंत्र चाललं.
चुली सातही थंड.
तंगेव्वा प्लास्टिकच्या खुर्चीवर,
बसून काय करतात हे ठाऊक नसल्यासारखी,
आणि तिचा उजवा हात
गुडघ्यावर आपोआप थापत होता.
त्या आवाजाचं काय करायचं
मला सुचलं नाही.
अजूनही नाही.

सही घेतली.
निघताना चिकटपट्टीवर मार्करनं
दोन शब्द लिहून तापमानाच्या बटणाखाली चिकटवले:
विरी बघा.

जूनमध्ये सुगलाबाईंचा फोन.
मी म्हटलं, बिघडलं वाटतं.
"बेल्ट ढिला झालता.
भौरव्वाच्या सुनेनं आवळला, पाना तिच्यापाशीच असतुया.
पुण्याला कडक भाकरी पाठवालाव, अडीच हजार.
तुमी यायची गरज न्हाई."
मागं यंत्राचा आवाज येत होता, एकसारखा,
माझ्या कानानं तरी त्यात खोट काढली नाही.
"आन् जेवायला या म्हणा कधी.
ती यंत्राची. हाताची पण देतो एक,
तंगेव्वा ऐकत न्हाई."

मालकांनी विचारलं,
सर्व्हिस कॉल होता का?
नाही म्हणालो.
शनिवारची सुट्टी मागितली.