सदतीस नंबरची टाळी

हेमंत सबनीस गेला. पेपरात दोन ओळी:
निवृत्त, संगीतप्रेमी.
निवृत्त कशातून, ते लिहिलं नव्हतं.
कॅसेटच्या कव्हरवर तो 'हेमी' होता,
कानांवर केस, जांभळा चकचकीत शर्ट.
शर्ट फोटोग्राफरचा.

दांडिया बाजारात घर, घरावर माळा,
माळ्याला स्टुडिओ म्हणायचं.
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
म्हणून शेजारच्या बेन त्याच्या आईला विचारायच्या,
तुमच्यात अंडी फारच लागतात का हो?

मशीन मिळालं ते मोंबासाच्या एका पोराकडून.
इंजिनियरिंग संपवून तो घरी निघालेला, सामान जास्त झालं.
साडेसातशेला रिदम बॉक्स विकला
आणि त्या पैशांत आईसाठी बांधणी घेतली.
त्या रात्री माळ्यावर पहिल्यांदा
धप् धप् धप् धप्.
खाली अण्णांची तबल्याची शिकवणी चाललेली.
अण्णा जिना चढून आले. उभ्यानं ऐकलं.
सोळांतल्या चारच मात्रा उरल्या, हेमंत.
बारा गेल्या कुठं?
तो म्हणाला, पायांत.

बेस कसा हवा, ते सांगायला
त्यानं मला विश्वामित्रीच्या पुलावर नेलं.
मगर दिसते?
नाही.
पण पाणी हललं ना?
बस. तसा.

मी गाणारी नव्हते. गाणारी सुरतेहून यायची,
तिला गाडीभाडं, जेवण, कव्हरवर नाव.
मी टाळ्या वाजवायचे,
दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर,
जिन्यात उभी राहून, कारण जिन्यात आवाज गोल होतो,
रात्री अकरानंतर, रावपुऱ्यातल्या रिक्षा थांबल्यावर.
लग्नाला महिनाच झालेला.
बांगड्या काढ, तो म्हणाला.
नाही काढणार, मी म्हणाले.
एकशे नव्वद टाळ्या दिल्या त्या रात्री.
तळहात इतके लाल
की ह्यांना वाटलं, मेंदी परत रंगली.
पंचवीस रुपये, वर सेव-उसळ.

तीन कॅसेटी चालल्या.
तीन टाळीच्या गरब्यात त्यानं ही चौथी घुसवली
तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, माताजीला चक्कर येईल.
पोरी काही थांबेनात.
त्यानं स्कूटर घेतली. पुढच्या वर्षी विकली.
अकरा महिने मुंबईत होता,
तिथं काय केलं ते कधी बोलला नाही,
फक्त तिथला चहा पाणचट म्हणायचा.
मग साबणाच्या जाहिराती. मग एका उमेदवाराच्या घोषणा
डिस्कोच्या ठेक्यावर. उमेदवार पडला.
सीडी आली.
माळ्यावर पाण्याची टाकी आली.
डावा कान गेल्यावर तो
टेबलावर तळवा ठेवून टीव्ही ऐकायचा,
आणि मी दिसले की विचारायचा,
काढल्यास का बांगड्या?
तीस वर्षं तीच एक थट्टा,
ह्यांच्यामागं मी काढल्या तेवढं एक वर्ष सोडून.

यंदा सोसायटीच्या गरब्यात
पॅडवर एक पोरगा, कोरलेली दाढी,
काठी मारतो आणि टाळी निघते.
मी प्लेट घेऊन चालले होते, तिथंच थांबले.
टाळीच्या शेपटाला काच.
किण्.
दर वेळी.
ही कुठली रे?
सदतीस नंबर, मासी.
मला आणंदच्या एका भाईनं दिली,
त्याला कुणी दिली, माहीत नाही.
आधी म्हणे फ्लॉपीत होती.
सगळे हीच वापरतात. नवीनमध्ये ही मजा नाही.
फक्त मागं काहीतरी खणखणतं बघा,
खूप खटपट केली,
निघत नाही.

नाही निघायचं, मी म्हणाले.
तो पुढच्या गरब्याला लागला.
माझ्या दोन्ही हातांत सेव-उसळीच्या प्लेटी,
एक माझी, एक नातीची,
रस्सा निवत चाललेला.