ढकलकाठी

सफरचंदांची पॅकिंग शेड बंद पडली, तेव्हा लिलावात घेतली ही करवत:
ओतीव लोखंडाचं टेबल, पन्नास वर्षांचं वंगण,
आणि फेन्स अशी, की कितीही आवळा,
मागच्या टोकाला जरा कलूनच झोपणार.

होबार्टला दुकानात सगळं मिळतं.
पण बावीस वर्षं शाळेची बस चालवून जे साठलं
ते छपराच्या पत्र्यांत गेलं.
म्हणून मग घरचंच.

आधी पात्याभोवतीची फट बुजवली.
जुन्या ओट्याचा तुकडा खाचेत बसेपर्यंत घासला,
वरून फळी आवळली,
आणि फिरतं पातं खालून हळूहळू वर आणलं.
सपाट जागेतून दात उगवतात
तेव्हा मी अजून श्वास रोखून धरते.
आता फट पात्याएवढी, एक केसही जास्त नाही,
आणि चिंध्या होणाऱ्या कडा सुतासारख्या सरळ.

मग घसरगाडी. तिच्या तळाला शाळेने फेकलेला बाक;
त्यावर कंपासच्या टोकानं कोरलेलं: डॅरिल.
मागच्या सीटवर बसायचा. आता पोलिसात आहे.
त्याच्या नावावरून दर वेळी पातं जातं,
ड गेला, बाकीचा अजून आहे.
गुण्या लावून काटकोन दिसला, तरी मी विश्वास ठेवला नाही.
फळी फिरवत चारी बाजू कापल्या, मग पाचवा काप:
त्या पट्टीत चूक चौपट होऊन उतरते,
एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक.
बसमध्ये मला आरसा होता. इथे हा.
तीनदा स्क्रू सैल केले. चौथ्यांदा चहा केला.

क्लेम डायरीन दर मंगळवारी येतो,
कप घेऊन दाराशीच उभा राहतो, उंबऱ्याच्या बाहेर.
एकोणऐंशी साली मिलमध्ये करंगळी गेली, आणि तिच्या शेजारची.
हात दाखवून अवलक्षण कशाला,
म्हणून उजवा हात खिशात.
एकदा माझी ढकलकाठी त्यानं उचलून पाहिली,
बुटाच्या आकाराची, प्लायवूडची.
ती त्याच्या मुठीतून फिरली.
तेव्हा कळलं, मूठ आवळते ती करंगळीकडून.

मी काही बोलले नाही.
खिडकीला लावायचं लुकण होतं, त्याचा गोळा त्याच्यापुढे धरला:
"दाब."
"कशाला?"
"काच बसवायचीय."
खोटं होतं. त्यालाही कळलं असावं.
दाबला.

ह्यूऑन पाइनचा एक तुकडा नऊ वर्षं फळीवर होता,
चांगल्या कामासाठी ठेवलेला, म्हणजे कशासाठीच नाही.
तो घेतला. अंगठ्याला खोलगा,
दोन बोटांना दोन, आणि जिथे पुढे काही नाही
तिथे तळहाताला टेकायला एक फुगवटा.
पटाशी, कानस, मग नुसता काचकागद.
आठवडाभर गॅरेजला त्या लाकडाचा गोड वास.
टाच वेगळी, स्क्रूनं लावलेली,
झिजेल तेव्हा बदलायची.

मंगळवारी टेबलावर ठेवली आणि मी भुसा झाडत बसले.
कप खाली ठेवल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग बटण.
मी वळले नाही. कानानं मोजलं:
पातं वेगात आलं, लाकडाला लागलं,
सूर खाली गेला, सुटला, बंद.
पातं पूर्ण थांबेपर्यंत तो हलला नाही.

ब्लॅकवूडची पट्टी उजेडाकडे धरून म्हणाला,
"तुझी फेन्स मागे अर्धा मिलिमीटर बाहेर आहे."

ढकलकाठी कोटाच्या खिशात घालून घरी गेला.
घरी त्याच्याकडे करवत नाही.

रात्री बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून
फेन्सच्या मागे सरकवला. मोजलं.
अर्धा कसला. पाऊण होता.