लगमाण्णाचा प्रश्न

सुळग्याच्या माळावर मेंढरं बसलेली.
लगमाण्णानं घोंगड्यातून पिल्लू काढलं.
गुडघ्याएवढीच जात ही, म्हणाला,
वाढून वाढून किती वाढणार?

मी आपलं नेहमीचं विचारलं:
केस गळतात काय, भुंकतं किती,
वडगावात दीड खोली, खाली मागांची खडखड,
निभेल काय?

निभतंय की अक्का.
‘बा’ म्हटलं की येतंय, ‘ये’ पण शिकेल.
ते राहू दे. घरात माणसं किती?
चार.
दिवस मावळता चारी आत असतात?

सुहास उद्यमबागेत, फाउंड्रीच्या रात्रपाळीला.
प्राजू क्लासवरनं साडेनऊला.
आणि हे...
ह्यांचं मी काय सांगू.

एक जरी कमी पडलं ना,
हे घास घेत नाही, तो म्हणाला.
उंबऱ्यात बसतंय. उठतंय, फिरून येतंय,
परत मोजतंय.

एव्हाना पिल्लानं माझ्याभोवती
दोन फेऱ्या मारल्या होत्या
आणि मी, न कळत,
मेंढरांकडे थोडी सरकले होते.

बसमध्ये मांडीवर रिकामी पिशवी.
घरी येऊन चार ताटं काढली.

साडेनऊला प्राजू जिन्यातनंच ओरडली,
अगं, अशी उंबऱ्यात काय बसलीस?