धरणारा

कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून
जेट स्कीची शेपटी दोन्ही हातांनी धरून ठेवायची,
पुढे ताणलेलं रबर तुटलं की सोडायची.
एवढंच माझं काम.
शर्यतीच्या कागदांवर त्याला नाव आहे : धरणारा.
पगार नाही. तोंडभर पाणी मात्र मिळतं.

म्हणून फेन्या मला पाठमोरीच ठाऊक.
बारा वर्षांची असताना पाठीवर एकशे चौदा,
मावसभावाचं जाकीट, खांद्यावरून घसरणारं.
मग एकतीस. मग सात.
आकडा लहान होत गेला, पाठ रुंद.

आमचं पेइप्सी सरोवर एस्टोनियाच्या टोकाला,
पलीकडचा काठ रशियाचा, आणि तो दिसत नाही.
गावाला रस्ता एकच,
दोन्ही बाजूंना टांगलेल्या कांद्याच्या वेण्या.
दोन हंगामांचा कांदा विकून
फिनलंडहून जुनी स्की आणली, उभ्याने चालवायची,
सिलिंडरला तडा, रंग उडालेला.
दाढी कुरवाळत म्हातारा नाझार म्हणाला,
"पाण्यावर उभा राहिलेला एकच होता,
आणि त्याला पेट्रोल लागत नव्हतं."

नोव्हेंबर ते एप्रिल सरोवराला बर्फाचं कुलूप.
तेव्हा ती कोठारात :
आडव्या पिंपावर फळी, फळीवर ती,
वर कांदे, खाली मांजर,
तोंडाने इंजिनाचा आवाज.
पडली की मुकाट्याने पुन्हा चढायची.
हनुवटीवरचा तो व्रण पाण्याचा नाही,
त्या कोठाराचा आहे.

पहिल्या शर्यतीत पहिल्याच लाल बोयापाशी पालथी.
दुसऱ्या वर्षी इंजिनात पाणी.
तिसऱ्या वर्षी मीच चुकलो,
रबर तुटायच्या आधी बोटं सैल झाली,
पंचांनी तिला मागच्या रांगेत ढकललं.
घरापर्यंतच्या चार तासांत ती एकदाच बोलली :
"बाबा, खिडकी लाव."
सकाळी उठून पाहतो तर
माझे हातमोजे शेगडीवर वाळत घातलेले,
उलटे करून, बोटं न् बोटं.

यंदा हंगेरी.
आता तिच्याकडे तंबू आहे, दोन मेकॅनिक,
आणि धरायला पगारी माणूस,
जाड मनगटांचा, एन्द्रे नावाचा. चांगला वाटतो.
मी काठावर, दोरीच्या अलीकडे,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोरड्या पायांनी.
आणि पहिल्यांदाच समोरून.
हेल्मेट चढवण्याआधी तिचे ओठ हलत होते.
मला वाटलं, प्रार्थना.
मग कळलं,
ती अजून तोंडाने इंजिन चालू करते.

रबर तुटलं.
वीस इंजिनं एकदम ओरडली, सगळीकडे फेस.
ती कितवी आली ते फलकावर आहे,
कोणीही सांगेल.
मी एवढंच सांगतो,
त्या क्षणी माझे हात आपसूक सुटले,
आणि चहाचा थर्मॉस
वाळूत.