दोन फायली

नेरूळच्या हॉस्पिटलात माझ्या दोन फायली.
दुसऱ्या मजल्यावरची जाड: सव्विसावा आठवडा, ठोके उत्तम.
पाचव्यावरची पातळ. तिच्यात मेंदूतली एक शीर,
तिला आलेला फुगवटा, चार मिलिमीटर.
घरी पट्टी घेऊन मोजलं,
ज्वारीचा दाणा.

दोघी डॉक्टर फोनवर बोलल्या, माझ्यासमोर, मी नसल्यासारखं.
कळा द्यायच्या नाहीत. सदतिसाव्यात सिझेरियन.
फुग्याचं नंतर.

सासूबाईंना एवढंच सांगितलंय, बीपी आहे.
त्या लोणच्याची बरणी लपवतात,
करावेहून आलेल्या निवट्या अळणी शिजवतात,
आणि स्वतःही तशाच खातात.

रात्री यतीन दंडाला पट्टा बांधतो,
आकडा वहीत लिहितो, वाचून दाखवत नाही.
तेवढ्यात आतून लाथ बसते,
पट्टा हलतो, आकडा चुकतो,
आणि मला हसू येतं.

हसलं तर चालतं का,
पाचव्या मजल्यावर विचारायचं राहिलंय.